पाणी जोखणारी यंत्रे



ज्यांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, ते आपल्या शाळेत विज्ञान शिकवीत आणि ते मराठीतून शिकवीत. त्यांच्या स्मरणार्थ बोलण्याचे निमंत्रण जन्मभर मराठी भाषा आणि साहित्य शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला आले, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न होता. संतवाङ्मयावर बोलणे मला सोपे गेले असते. परंतु समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांचे आयुष्य बडोद्याभोवतीच्या कारखान्यांत गेले आहे. कोणी कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात, कोणी खतांच्या, कोणी औषधांच्या. त्यांनी हयातभर ज्या काट्यांवर आणि पडद्यांवर नजर ठेवली, त्या उपकरणांचा इतिहास सांगावा असे मनात आले. नळीतून वाहणाऱ्या, टाकीत साठलेल्या, बाष्पकात उकळणाऱ्या पदार्थाची पातळी, दाब, वेग आणि घनता ओळखणारी ही उपकरणे. त्यांना आज आपण संवेदक म्हणतो.

द्रव आणि वायू या दोहोंना सामावून घेणारा ‘द्रायू’ असा एक सुटसुटीत शब्द मराठी परिभाषाकारांनी घडविला. दोन शब्दांची टोके जोडून तो केलेला आहे. मराठी विश्वकोशात या शास्त्राला ‘द्रायुयामिकी’ म्हटले आहे. शब्द नवा असला तरी द्रायूची परीक्षा करण्याची कल्पना आपल्या भाषेत फार जुनी आहे. एखाद्याची योग्यता पाहायची असली की आपण त्याचे ‘पाणी जोखतो’. व्यवहारात काही काळेबेरे असले की ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे म्हणतो. न्याय करायचा तो ‘दुधाचे दूध, पाण्याचे पाणी’ असा. हे वाक्प्रचार हाताळणाऱ्या समाजाला पाण्याचे माप घेण्याची सवय होती, हे उघड आहे.

१. घटका आणि कुंड

‘घटका भरली’ हा प्रयोग पाहा. माणसाची अखेरची वेळ आली, असा त्याचा अर्थ. परंतु घटका भरते म्हणजे काय? बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. छिद्रातून पाणी आत येते, वाटी भरते आणि बुडते. ती बुडायला लागणारा काळ म्हणजे एक घटिका, आजच्या हिशेबाने २४ मिनिटे. दिवसरात्रीच्या अशा ६० घटिका. या घटिकापात्राचे वर्णन आपल्या ज्योतिषग्रंथांत आहे. विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी घरोघर ते ठेवले जाई आणि भटजींचे निम्मे लक्ष मंगलाष्टकांकडे, निम्मे त्या वाटीकडे असे.

हे उपकरण दिसायला साधे आहे. पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट घडलेली आहे. जो काळ डोळ्यांना दिसत नाही, तो पाण्याच्या हालचालीत उतरवून डोळ्यांना दाखविला आहे. सर्व मापनशास्त्राचे मर्म यातच आहे. जे थेट कळत नाही ते कळणाऱ्या गोष्टीत रूपांतरित करायचे. आज कारखान्यातला दाब विजेच्या प्रवाहात रूपांतरित होतो. त्या काळी वेळ पाण्याच्या भरण्यात रूपांतरित होत होती.

दुसरे उदाहरण कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले. कोठारापाशी एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर, रुंद तोंडाचे कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. शेतीच्या प्रकरणात कोणत्या प्रदेशात किती पाऊस पडतो याचे आकडे द्रोण या मापात दिलेले आहेत. अवंतीसाठी २३ द्रोण सांगितले आहेत. अपरांताला, म्हणजे आपल्या कोकणाला, आकडा दिलेलाच नाही. तेथला पाऊस अमर्याद म्हटला आहे. हे कुंड धान्याच्या कोठारापाशी का ठेवायचे, याचा विचार करावा. पावसाच्या मापावरून कोणते बी पेरायचे हे ठरत असे. माप हे कुतूहलासाठी नव्हते. त्यावरून निर्णय व्हायचा होता. माप आणि निर्णय यांची जोडी जेथे जमते, तेथे नियंत्रणाचा इतिहास सुरू होतो.

२. गुळव्याचे शहाणपण

कारखाना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धुराडे येते. पण कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की तोही एक कारखानाच आहे. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत असतो. खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ असतो. काहिलीपाशी गुळव्या उभा असतो. रसाचा रंग, फेस, बुडबुड्यांचा आकार, उकळीचा आवाज, यांवर त्याचे लक्ष असते. शेवटच्या टप्प्यात तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांत धरून त्याची गोळी वळते का ते पाहतो आणि जाळ कमी करायला सांगतो, किंवा काहील उतरवायला सांगतो. क्षणभर आधी उतरवली तर गूळ मऊ राहतो, क्षणभर उशीर झाला तर करपतो.

या चित्रात आधुनिक नियंत्रणाची सर्व अंगे आहेत. गुळव्याचे डोळे, कान आणि बोटे हे संवेदक. गूळ कसा हवा याची त्याच्या मनातील प्रतिमा हे इष्ट मान. समोरचा पाक आणि मनातला पाक यांतील अंतर म्हणजे त्रुटी. चुलवाणात जाळ घालणारा माणूस म्हणजे आज्ञा पाळणारे अंग, ज्याला कारखान्यात आपण नियंत्रक झडप म्हणतो. जाळ बदलला की पाक बदलतो, तो पुन्हा गुळव्याच्या बोटांना कळतो, आणि फेरा पूर्ण होतो. हा फेरा हीच मुख्य गोष्ट आहे. मापन आणि कृती सुटी सुटी असतील तर त्याला नियंत्रण म्हणता येत नाही. कृतीचा परिणाम पुन्हा मापनाकडे परत आला पाहिजे. इंग्रजीत याला फीडबॅक म्हणतात, मराठीत प्रत्याभरण.

यंत्रयुगाने केले ते एवढेच की गुळव्याच्या देहात एकवटलेली ही अंगे एकेक करून बाहेर काढली आणि धातूत, काचेत, विजेत घडविली. ती कोणत्या क्रमाने बाहेर आली, हा माझ्या आजच्या कथनाचा धागा आहे.

३. तरंगता गोळा आणि खडकवासल्याची दारे

माणसाच्या मदतीशिवाय असा फेरा पूर्ण करणारे जे सर्वांत जुने उपकरण इतिहासकारांना ठाऊक आहे, ते इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या क्तेसिबिओसच्या जलघटिकेत होते. जलघटिकेतून पाणी एकसारखे ठिबकायचे तर वरच्या भांड्यातील पातळी स्थिर हवी. त्यासाठी त्याने पाण्यावर तरंगणारे बूच बसविले. पातळी चढली की ते वर येऊन पाण्याची वाट अडवी; पातळी उतरली की वाट मोकळी करी. पुढे नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी अशा तरंगत्या झडपा आपल्या चमत्कृतिपूर्ण यंत्रांत वापरल्या. आपल्या घराच्या गच्चीवरील टाकीत जो पोकळ गोळा पाण्यावर तरंगतो आणि टाकी भरताच नळ बंद करतो, तो याच कुळातला. संवेदक, निर्णय आणि कृती हे तिन्ही त्या एका गोळ्यात आहेत.

हेच तत्त्व धरणाच्या आकारात वापरण्याचे काम महाराष्ट्राच्या भूमीवर झाले. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील बांधकाम खात्याचे अभियंते. पुण्याला पाणी पुरविणाऱ्या खडकवासल्याच्या तलावातील साठा वाढवायचा होता. भिंत उंच करावी तर पुराचे पाणी तिच्यावर भार टाकणार. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसविण्याची योजना केली. १९०३ मध्ये ती तेथे बसविण्यात आली. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की दारे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. मध्यरात्री पूर आला तरी कोणी धावत जाऊन चाक फिरविण्याची गरज नव्हती. चढलेले पाणीच दारांना आज्ञा देत होते. हीच पद्धत पुढे ग्वाल्हेरजवळील तिगरा आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणांसाठीही वापरली गेली.

तिगरा धरणाचे नाव आले की आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ऑगस्ट १९१७ मध्ये ते धरण फुटले. पायाच्या वालुकाश्मात पाणी झिरपल्यामुळे ते फुटले असे सांगितले जाते. पुढे ते पुन्हा बांधण्यात आले. यातून मापनाच्या मर्यादेचा एक धडा मिळतो. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या वस्तूला पृष्ठभाग कळतो. खडकाच्या फटीत शिरलेले पाणी तिला कळत नाही. पाणी मुरते कोठे, हे कळण्यासाठी वेगळे साधन लागते. आज धरणाच्या भिंतीत आणि पायात दाबमापक नळ्या पुरलेल्या असतात, त्या आतल्या पाण्याचा दाब सांगतात. संवेदक जेथे बसवला आहे तेथलीच साक्ष देतो. साक्षीदार कोठे उभा होता हे न विचारता त्याची साक्ष घेणे न्यायालयातही चालत नाही आणि कारखान्यातही नाही.

४. दाब आणि प्रवाह

पातळी डोळ्यांना दिसते. दाब आणि प्रवाह दिसत नाहीत. म्हणून ती मापे हाती यायला अधिक काळ लागला. १६४३ मध्ये इटलीत तोरिचेल्लीच्या प्रयोगात पाऱ्याच्या स्तंभाने हवेचा दाब दाखविला. १७३२ मध्ये हेन्री पितो या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसच्या सेन नदीत वाकविलेली काचेची नळी प्रवाहाला सामोरी धरली. पाणी नळीत किती चढते यावरून त्याने वेग काढला. नदीत खोल जावे तसा वेग वाढतो असे तेव्हाच्या विद्वानांचे मत होते. त्या साध्या नळीने ते खोटे ठरविले. विमानाचा वेग मोजण्यासाठी आजही पितोचीच नळी वापरतात.

१७३८ मध्ये डॅनिएल बर्नुलीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १७९७ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ वेंतुरी याने नळी मध्येच अरुंद केली तर काय होते याचे विवेचन केले. अरुंद जागी प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. या दोन दाबांतील फरक पाहिला की प्रवाह किती हे कळते. हे ज्ञान नव्वद वर्षे पुस्तकांत राहिले. १८८७ मध्ये क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकी अभियंत्याने त्यावर आधारलेला प्रवाहमापक पुढे आणला आणि त्याला वेंतुरीचेच नाव दिले. आपल्यापैकी ज्यांनी कारखान्यात काम केले आहे त्यांना नळीत बसविलेली भोकाची चकती परिचित असेल. तीही याच तत्त्वावर चालते. तिची एक खोड ध्यानात ठेवावी लागते: प्रवाह दुप्पट झाला की दाबातील फरक चौपट होतो. काटा जेवढा हलला तेवढाच प्रवाह वाढला असे समजणारा नवखा माणूस तेथे फसतो.

दाबाला उद्योगात खरे महत्त्व आले ते वाफेमुळे. बाष्पकात पाणी कमी झाले किंवा दाब वाढला की स्फोट होई. १८६३ मध्ये कलकत्त्यात असा भीषण स्फोट होऊन माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बाष्पकांच्या तपासणीचा कायदा आला. साऱ्या देशासाठी एकच कायदा १९२३ मध्ये झाला. तत्पूर्वी, १८४९ मध्ये, पॅरिसच्या यूजीन बूर्दोंने एक दाबमापक शोधला होता. चपटी नळी वाकवून ठेवली तर आतला दाब वाढताच ती किंचित सरळ होऊ पाहते. त्या हालचालीला दातेरी चक्रे जोडून काटा फिरवायचा. घड्याळासारखी ती तबकडी आजही जगातल्या बहुतेक कारखान्यांत दिसते. तिला वीज लागत नाही.

बाष्पकाला पाण्याची पातळी दाखविणारी काचनळीही असते. तिच्या वाटा क्षाराने बुजल्या तर बाष्पक रिकामा होत असतानाही नळीत पाणी स्थिर दिसत राहते. म्हणून चांगला बाष्पकचालक पाळीवर आल्याबरोबर नळीच्या तोट्या उघडून तिच्यातले पाणी सोडून देतो आणि ते पुन्हा ठरल्या पातळीला येते का हे पाहतो. तो पाणी पाहण्यापूर्वी पाणी दाखविणाऱ्याची परीक्षा घेतो. या सवयीकडे मी पुन्हा येणार आहे.

५. कलाभवनाचा वारसा

या इतिहासात आपल्या बडोद्याचे स्थान कोणते? उपकरणांच्या शोधात ते नाही. पण उपकरणे समजून घेणारी माणसे घडविण्याच्या प्रयत्नात निश्चित आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले. त्याचे पहिले प्रमुख रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर. रंगकाम, यंत्रविद्या, रसायन हे विषय मातृभाषेतून शिकवावेत, असा गज्जरांचा आग्रह होता. कारागिराच्या मुलाने आधी परकी भाषा शिकावी आणि मग बापाचा धंदा शास्त्रीय रीतीने शिकावा, हे त्यांना मान्य नव्हते. दादासाहेब फाळके याच संस्थेचे विद्यार्थी. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रशाखेत विलीन झाले. याच बडोद्यात १९०७ मध्ये अलेम्बिक रासायनिक कारखाना उभा राहिला. त्यातही गज्जर आणि त्यांच्या शिष्यांचा वाटा होता. १९३१ मध्ये संस्थानाने ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतील राज्यव्यवहाराच्या शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. ज्याला काम करायचे त्याला कामाचा शब्द आपल्या भाषेत मिळावा, ही एकच दृष्टी या सर्व उद्योगांमागे होती.

मराठीच्या प्राध्यापकाला हा भाषेचा अभिमान वाटणारच, असे कोणी म्हणेल. परंतु येथे अभिमानापेक्षा अधिक काही पणाला लागलेले आहे, हे पुढील भागात दिसेल.

६. जिवंत शून्य

विसाव्या शतकात गुळव्याचे उरलेले अंग, म्हणजे त्याचा निर्णय, यंत्रात गेले. जेम्स वॅटने १७८८ मध्येच वाफेच्या यंत्राचा वेग राखणारा गतिनियामक केला होता आणि १८६८ मध्ये मॅक्सवेलने त्याचे गणित मांडले. परंतु आजच्या कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या नियंत्रणनियमाचे स्पष्ट विवेचन १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की याने केले, आणि तेही जहाजाचे सुकाणू धरणाऱ्या माणसाकडे पाहून. निष्णात सुकाणूधारी केवळ आत्ता जहाज किती भरकटले आहे एवढेच पाहत नाही. किती वेळापासून ते सारखे एका बाजूला ओढले जात आहे हेही तो पाहतो, आणि किती झपाट्याने वळत आहे हेही. म्हणजे आजची चूक, साठत आलेली चूक आणि येऊ घातलेली चूक, या तिन्हींचा तो हिशेब करतो. आपला गुळव्याही तेच करतो. पाक आता कसा आहे, जाळ किती वेळ मंद होता, आणि आता किती वेगाने घट्ट होत चालला आहे. मिनोर्स्कीने ते समीकरणात लिहिले. १९४२ मध्ये झीग्लर आणि निकोल्स या दोघांनी या तीन अंशांचे प्रमाण कारखान्यात कसे ठरवायचे याची व्यवहारी रीत दिली आणि ती जगभर पसरली.

आता प्रश्न उरला निरोपाचा. दूरच्या टाकीवरील संवेदकाने आपली बातमी नियंत्रणकक्षापर्यंत कशी पोचवायची? प्रथम दाबाच्या हवेने. तांब्याच्या बारीक नळ्यांतून हवेचा दाब चौरस इंचास ३ ते १५ पौंड या मर्यादेत कमीजास्त होई. पुढे विजेने, ४ ते २० मिलिअँपिअर या मर्यादेत. मला भाषेचा विद्यार्थी म्हणून या आकड्यांचे विशेष कौतुक वाटते. टाकी रिकामी असेल तेव्हा निरोप शून्याचा का नाही? तीन किंवा चारापासून सुरुवात का? याचे उत्तर असे: टाकी रिकामी असणे आणि तार तुटणे या भिन्न गोष्टी आहेत. रिकाम्या टाकीचा निरोप शून्य ठेवला तर तुटलेल्या तारेचे मौनही शून्यच दिसेल. म्हणून रिकाम्या टाकीलाही ‘मी आहे, आणि मी रिकामी आहे’ असे बोलायला लावले. तंत्रज्ञ त्याला जिवंत शून्य म्हणतात. नकार आणि मौन यांतील भेद व्याकरणाला ठाऊक आहेच. अभियंत्यांनी तो तारेत उतरविला.

कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहून १९६५ मध्ये सुरू झाला. जगभरातच त्या काळच्या नियंत्रणकक्षांत तबकड्यांच्या आणि कागदावर रेघ ओढणाऱ्या लेखण्यांच्या भिंती असत. १९७५ मध्ये हनीवेल आणि योकोगावा या दोन कंपन्यांनी संगणकावर आधारलेल्या वितरित नियंत्रणप्रणाली बाजारात आणल्या आणि हळूहळू त्या भिंती पडद्यात शिरल्या. संवेदकही बदलले. १८३२ मध्ये फॅरेडेने लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत तारा सोडून, वाहत्या पाण्यात पृथ्वीच्या चुंबकत्वाने वीज उत्पन्न होते का हे पाहिले होते. त्याला यश आले नाही. पण त्याच कल्पनेवर विसाव्या शतकाच्या मध्यास विद्युत्‌चुंबकीय प्रवाहमापक तयार झाले आणि नळीत कोणताही अडथळा न घालता गढूळ पाण्याचा, लगद्याचा प्रवाह मोजता येऊ लागला.

७. यंत्राची साक्ष

येथवरची कहाणी प्रगतीची आहे. ती येथेच थांबविली तर अर्धी राहील.

२८ मार्च १९७९ रोजी पहाटे अमेरिकेतील थ्री माइल आयलंड या अणुवीजकेंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि पुन्हा मिटली नाही. नियंत्रणकक्षातील दिव्यावरून मात्र ती मिटली असे वाटत होते. कारण तो दिवा झडपेची स्थिती सांगत नव्हता. झडपेला मिटण्याची आज्ञा गेली आहे, एवढेच सांगत होता. ‘दार लावायला सांगितले’ आणि ‘दार लागले’ ही दोन वाक्ये आपल्या घरातले मूलही वेगळी ओळखते. तेथे ती एकाच दिव्यात मिसळली. दोन तासांहून अधिक काळ शीतक पाणी निसटत राहिले. भरीला भर म्हणून दुसरे एक उपकरण पातळी चढलेली दाखवीत होते, म्हणून चालकांनी बाहेरून येणारे पाणीच कमी केले. गाभ्याचा मोठा भाग वितळला.

२३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एक उंच मनोरा सुरू करताना त्यात द्रव भरला जात होता. पातळी दाखविणारे उपकरण मनोऱ्याच्या तळच्या थोड्या फुटांपुरतेच होते आणि त्याचे मापांकनही चुकीचे होते. मनोऱ्यात सुमारे १५८ फूट द्रव साठला, तेव्हा पडद्यावर आठ फुटांहून कमी पातळी दिसत होती, आणि तीही हळूहळू उतरताना. पातळी वाढल्याची स्वतंत्र घंटा वाजलीच नाही. द्रव वरून उसळला, पेटला आणि १५ माणसे गेली. आत किती गेले आणि बाहेर किती आले, हा साधा जमाखर्च कोणी मांडला असता तर आकडे जुळत नाहीत हे कळले असते.

आणि आपले भोपाळ. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री कीटकनाशकांच्या कारखान्यातील मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले. रात्री दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास टाकीचा दाब चौरस इंचास २ पौंड होता. अकराच्या सुमारास १० होता. मधल्या काळात पाळी बदलली होती. नव्या पाळीला दिसला तो १० हा आकडा, आणि तो नेहमीच्या मर्यादेत होता. चाळीस मिनिटांत तो पाचपट झाला, ही गोष्ट एका आकड्यात दिसत नाही. दोन आकडे शेजारी ठेवले तरच दिसते. तेथली मापके पुष्कळदा बिघडलेली असत, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवण्याची सवयही मोडली होती. टाकी थंड ठेवणारे यंत्र त्या वर्षी जूनपासून बंद होते. मध्यरात्रीनंतर काटा तबकडीच्या अखेरीस गेला, तेव्हा करण्यासारखे फार थोडे उरले होते. हजारो माणसे मेली; त्यांत आपल्या भाषेची माणसेही असतील, कारण भोपाळ आपल्याला परके नाही. तेथील कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि त्या वापरणाऱ्यांपैकी अनेकांना ती भाषा नीट अवगत नव्हती, हेही पुढील अभ्यासांत नोंदलेले आहे. गज्जरांचा आग्रह येथे आठवावा. धोक्याची सूचना ज्या भाषेत लिहिलेली आहे ती वाचणाऱ्याच्या मनात उतरत नसेल, तर तीही तुटलेल्या तारेसारखीच मुकी असते.

या तीन घटनांत उपकरणांनी माणसाला तीन तऱ्हांनी फसविले. पहिल्यात उपकरण खरे बोलत होते, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नव्हते. दुसऱ्यात ते खोटे बोलत होते आणि त्याची उलटतपासणी झाली नाही. तिसऱ्यात ते खरे बोलत होते आणि त्याचे ऐकले गेले नाही. सर्वांत दुःखद प्रकार हा तिसरा. जे उपकरण दहादा खोटे ठरले आणि दुरुस्त झाले नाही, त्याचे अकराव्या वेळचे खरे बोलणे वाया जाते. म्हणून उपकरणांच्या देखभालीवरचा खर्च वाचविणे म्हणजे केवळ वस्तू जुनी होऊ देणे नव्हे. ऐकणाऱ्या माणसाचा विश्वास त्यामुळे झिजतो आणि तो नव्या सुट्या भागांनी भरून येत नाही.

८. समारोप

आता संवेदक स्वतःचीच प्रकृती सांगू लागले आहेत. माझ्यात दोष आहे, माझी नळी बुजत चालली आहे, असा निरोप ते पाठवितात. हजारो मापांतून धोक्याची चाहूल शोधण्याचे काम संगणक करतो. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु संगणकालाही साक्ष मिळते ती त्याच संवेदकांकडून, आणि ते कोठे बसवायचे, कोणता प्रश्न विचारायचा, हे अजून माणूसच ठरवितो.

म्हणून माझ्या दृष्टीने या इतिहासातील आदर्श पुरुष कोणी शोधक नसून तो बाष्पकचालक आहे, जो पाळीवर येताच काचनळीतले पाणी सोडून तिची परीक्षा घेतो. तो यंत्राचा द्वेष करीत नाही आणि त्याची पूजाही करीत नाही. तो रोज त्याला विचारतो, तू खरे बोलतो आहेस ना? आणि खरे बोलते आहे असे ठरले की त्याचे निमूट ऐकतो. पाळी संपताना तो वहीत लिहून जातो: इतक्या वाजता इतका दाब, इतक्या वाजता इतका. ती नोंद पुढच्या पाळीला कळेल अशा भाषेत असते. भोपाळच्या रात्री एका आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवण्याची जी गरज होती, ती अशाच वहीने भागते.

येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी अशा वह्या लिहिल्या आहेत. तुमच्या हातच्या नोंदी, कामातून सुचलेले शब्द, कोणत्या ऋतूत कोणती नळी बुजते आणि कोणता काटा केव्हा अडतो हे तुमचे अनुभवाचे ज्ञान अद्याप कोणत्याही ग्रंथात आलेले नाही. ते मराठीत लिहून काढा आणि आपल्या शाळेच्या ग्रंथालयाला द्या, अशी माझी विनंती आहे. साहित्याचा अभ्यासक म्हणून सांगतो, तेही वाङ्मयच आहे. ज्या गुरुजींनी या शाळेत विज्ञान मायबोलीत शिकविले, त्यांच्या स्मृतीस याहून उचित अर्घ्य मला सुचत नाही.